वरच्या पायरीचा दात

प्रिय आयनर,

तुझं पत्र पोचलं. बाबांनी ते डाकघरातच फोडलं आणि घरी येईपर्यंत निम्म्या गावाला वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यात डेन्व्हरला भूगर्भवाल्यांच्या सभेत तू आपल्या नदीकाठच्या माळाच्या खालच्या पायरीचं वय सांगणार, म्हणून त्यांनी नवा कोट मागवलाय. एकोणीस वर्षं मी ही खडीची खाण चालवतोय. माझ्यासाठी त्यांनी साधी टोपीसुद्धा बदलली नाही.

माझे कान तिखट आहेत, तुला ठाऊकच आहे. रविवारी चर्चच्या कॉफीला नुटसनकाका म्हणाले, "थोरल्यानं शून्यातून धंदा उभा केला हो." बाबा म्हणाले, "हालवोर दगड विकतो. आयनर दगड वाचतो." सगळे हसले. मीही हसलो; त्यातल्या निम्म्यांच्या अंगणात माझीच खडी आहे.

हेवा वाटतो तुझा, लपवून काय करू? नदी आधी वर होती, मग कापत कापत खाली गेली, म्हणून माळावरची सर्वांत उंच पायरी सर्वांत जुनी, हे तुला लहानपणी मीच सांगितलं होतं. पण ते तू म्हणालास की शास्त्र, मी म्हणालो की गप्पा.

उन्हाळ्यात बाबांनी खालच्या पायरीवरच्या ढिगातून तो दात उचलून तुझ्या हातात ठेवला. बघताक्षणी तू म्हणालास, तीन बोटांच्या घोड्याचा. म्हणजे ही पायरी हिमयुगाच्याही कितीतरी आधीची. तुझा सगळा निबंध त्या एका दातावर उभा आहे. बाबा मला म्हणाले, "बघ, तू इथे रोज फिरतोस."

आयनर, तो ढीग खालच्या पायरीचा नव्हता. त्या आठवड्यात वरच्या पायरीचा माल माझ्याच ट्रकांनी चाळायला खाली आणला होता. दाताच्या मुळाशी चुन्याचा पांढरा थर होता. आपल्याकडे तो फक्त वरच्या गोट्यांवर असतो. मला तेव्हाच दिसलं होतं. सभेत कुणीतरी उठून तुला तोंडघशी पाडतोय, हे चित्र मी चार महिने चघळलं. गोडही लागलं. पण त्या चित्रात पहिल्या रांगेत बाबा बसलेले दिसायला लागले, आणि झोप उडाली. निबंध थांबव, इकडे ये, वरच्या पायरीवरच्या खाणीची भिंत मी स्वतः उकरून देतो. आणि बाबांना सांग की चूक हालवोरनं ओळखली. कधी ओळखली, ते मात्र सांगू नकोस.

तुझाच,
हालवोर