दर महिन्याचे चार दिवस

आई,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मी तुझ्यावर चिडलेलीच आहे. सोळा सरून गेली तरी मला पाळी आली नाही, तेव्हा तू मला पुण्याला नेलंस. डॉक्टर म्हणाले, ही मुलगीच आहे, पण गर्भपिशवी नाही आणि गुणसूत्रं जन्मापासून मुलाची आहेत. एसटीनं इंदापूरला परत आलो. घरी आल्यावर म्हणालीस, "हितून पुढं दर महिन्याला चार दिस भाइर बसायचं. लोकांनी बघितलं पायजे." काय डोकं चालायचं गं तुझं! मी पडवीत गोणपाटावर बसलेली. शेजारणीनं विचारायचा अवकाश, तू चुलीपाशीच ओरडतेस, "कावळा शिवलाय तिला!" आणि सात वर्षांची धाकटी लांबून माझ्या पेल्यात पाणी ओतते. मला स्वतःची किळस यायची. लग्नाचं कुणी काढलं की तू सांगायचीस, तिला शिकायचंय. तू गेल्यावरच ते बसणं सुटलं.

आता धाकटीची लेक पाच महिन्यांची आहे. दोन्ही जांघांत गाठी दिसल्या म्हणून बारामतीत दाखवायला नेली, मीही सोबत होते. हर्निया असेल वाटलं होतं, पण सोनोग्राफीत ते मुलांना असतात तसे वृषण निघाले, आणि गर्भपिशवी दिसलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, जिवाला धोका नाही, हे बहुतेक आईकडून येतं. मग विचारलं, "माहेरी कुणाला पाळीच आली नाही, असं आहे का?" धाकटी ठणकावून म्हणाली, "न्हाय म्याडम. आक्का तर दर महिन्याला बसायची. मी सोता पानी द्यायची." तू असतीस तर खूश झाली असतीस.

बाहेर बाकड्यावर मी तिला सगळं सांगितलं. आधी ती हसलीच, थट्टा वाटली. मग माझा हात धरून रडत राहिली. इतकं हलकं वाटलं मला, आई! आम्ही परत आत गेलो, खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मोठी होईल तसं तिला समजेल असं सांगत जा. लपवू नका." धाकटीनं मान डोलावली. रिक्षात बसल्यावर तिनं पोरीला पदराखाली घेतलं आणि अगदी तुझ्या आवाजात म्हणाली, "आक्का, ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं न्हाय. मोठी झाली की हिलाबी बसवू चार दिस."

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिते. मी तिच्याशी भांडायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले.