धाकट्या सम्राटाचं दीर्घायुष्य

प्रिय झोई,

तू सम्राज्ञी असलीस तरी तुला मी अंगावर पाजलंय, तेव्हा अगंतुगंच करणार. तुझे धाकटे सम्राट खुशाल असल्याचा महामंत्री निकिफोरोसचा निरोप तुला लिम्नोस बेटावरच्या मठात मिळाला असेल. त्याच्या जिभेला काही हाड? खरं काय ते माझ्याकडून ऐक.

तू विधवा झालीस आणि लगेच तुला मठात धाडलं, का तर आईच्या पदराखाली राजा घडत नाही म्हणे. आणि यांनी काय घडवलं? सहा वर्षांचा तुझा लेक फिलो, आजोबांच्या बरोबरीचा सम्राट, पण त्याला अंगणात खेळायची चोरी. मुकुट नाकावर यायचा म्हणून आत लोकर कोंबली. खडे काचेचे, सोनं म्हणजे मुलामा दिलेलं चामडं; बडा घर पोकळ वासा! लाल जोडे मात्र खरे, सम्राटाशिवाय कुणी घालायचे नाहीत असले. पाय वाढला तसे ते चावायला लागले. मी साधे मऊ जोडे काढले तर निकिफोरोस खेकसला, "दाईबाई, सम्राटाला काय हमाल समजलात?" मी म्हटलं, "सम्राटाच्या पायाला फोड येत नाहीत होय रे?" फिलो खुदकन हसला, म्हणाला, "आर्गिरो, यालाच घाल ना माझे जोडे!" असा होता गं तो, थेट तुझ्या वळणाचा.

प्रभूच्या स्नानाच्या सणाचा रिवाज तुला ठाऊकच आहे. ऐन थंडीत उंच चौथऱ्यावर पडद्याआड उभं राहायचं, पडदा उघडला की लोक जयजयकार करणार, आणि सम्राटांनी पापणीसुद्धा हलवायची नाही. त्या दिवशी पोराचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मी दारात आडवी झाले. "ताप उतरू दे, सण काय पळून जातोय?" तर निकिफोरोस म्हणतो, "एकच सम्राट दिसला तर लोक काय म्हणतील?" पोराच्या जिवापेक्षा यांना लोकांचं तोंड मोठं! आजोबा शेजारीच होते. एवढे मोठे सम्राट, पण "माझा नातू आजारी आहे" एवढं त्यांच्या तोंडून फुटलं नाही. आता रडतात. रडून काय उपयोग?

उभा राहिला गं माझा राजा, शेवटपर्यंत. पडदा ओढल्यावर माझ्या अंगावर कोसळला आणि तुलाच हाका मारत राहिला. मी सांगितलं, आई बोटीत बसलीय, येतेच आहे.

झोई, आता भिंतीला धरून बस. फिलो गेला. वाड्यामागच्या छोट्या देवळात त्याला गुपचूप पुरलं, घंटासुद्धा वाजवली नाही. ज्या राजाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरवलं होतं, त्याची जहाजं मदतीला येईपर्यंत पोर जिवंतच आहे म्हणायचं ठरलंय. म्हणजे रविवारी तुझ्या मठातही धाकट्या सम्राटासाठी दीर्घायुष्य मागतील, आणि तू, त्याची आई, सगळ्यांच्या वर आवाज काढून आमेन म्हणशील! हे डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला, म्हणून लिहिलं. म्हणू नकोस आमेन. गेलेल्या माणसासाठी शिजवतात तसा गहू शिजव, त्यात मनुका आणि डाळिंबाचे दाणे घाल, आणि मेलेल्यांच्या प्रार्थनेत माझ्या लेकराचं नाव मोठ्याने घे. तुला कोण गप्प करतो ते बघू.

तुझीच,
आर्गिरो दाई