सव्विसाव्या नंबरचं कार्ड

३ मार्च, मंगळवार

बोलावलं! तेहेतीस वर्षांनी आठवण झाली त्यांना माझी. दुपारी फोन — "मॅडम, जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा परत आपल्या गावात होतेय, त्याच मैदानावर. त्या वेळच्या पंचांपैकी तुम्ही एकट्याच सापडलात." सापडलात म्हणे! जणू मी हरवले होते. आमचे मुख्य पंच, मोठे मास्तर, जाऊन एकोणीस वर्षं झाली. दोरी धरणारे दोघे कुठे आहेत, आहेत की नाहीत, देव जाणे. उरले मी आणि माझा डावा गुडघा.

फोन ठेवते तोच धाकटी जिन्यातून ओरडत वर. माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. पंचावन्न वर्षांची झाली, पण जिना अजून धावतच चढते. तिलाही फोन आला होता. तेव्हा ब्राँझ जिंकलेल्या आपल्या मुलींच्या संघाचा सत्कार आहे, बक्षीस समारंभाच्या आधी. "ताई, मेडल घालून यायचंय! आणि तूही चल स्टेजवर. तुझ्या हातूनच तर मिळालं होतं मला कार्ड!"

मी म्हटलं, गुडघा दुखतोय, स्टेजबिज नको.

६ मार्च, शुक्रवार

मैदानावर जाऊन आले. काय आठवलं नाही ते विचारा! टेकाड तेच, गवत तसंच करपलेलं. आम्ही पहाटे फक्की मारायचो, गुडघ्यापर्यंत पांढरे होऊन. दहा वाजेपर्यंत वाऱ्याने निम्म्या रेषा उडालेल्या, की परत डबे घेऊन पळा. टँकर येऊन माती भिजवून जायचा आणि पाचव्या मिनिटाला धूळ होतीच. शेजारच्या गोठ्यातल्या शेळीने धावणाऱ्यांसाठी भिजवून ठेवलेले सहा स्पंज खाल्ले होते. मास्तरांनी त्या शेळीविरुद्ध लेखी तक्रार केली. खरंच केली! शेळीच्या रंगासकट.

आणि त्यांची ती काळी छत्री. सावलीसाठी नव्हे — छत्री मिटली की शर्यत सुटायची. शिट्टी ऐकू येत नाही, छत्री दिसते, असं त्यांचं म्हणणं. मी सत्तावीसची होते. शाळेत पी.टी. शिकवायचे, मास्तरांनी हाताखाली घेतलं तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं मला.

आता टायमिंगवाली बाई आहे, लॅपटॉपसकट. तिने दाखवलं — छातीवरच्या नंबराच्या मागे चिप, रेषा ओलांडली की पडद्यावर नाव. "मग पंचांनी काय करायचं?" मी विचारलं.

"तुम्ही गार टॉवेल द्या ना मॅडम."

देते बाई. टॉवेल देते.

९ मार्च, सोमवार

गुडघा. शेक. दिवसभर वाचलं काहीच नाही.

१२ मार्च, गुरुवार

टायमिंगवालीला आज जुनी पद्धत सांगत होते. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. इथेही लिहून ठेवते, नाहीतर माझ्याबरोबरच जाईल.

शेवटच्या रेषेच्या पुढे दोन दोऱ्या बांधून एक अरुंद गल्ली केलेली असायची. रेषा ओलांडली की धावणारीने गल्लीत शिरायचं, एकीच्या मागे एक, आणि गल्लीच्या टोकाला मी — हातात नंबरांच्या कार्डांचा गठ्ठा. पहिलीला १, दुसरीला २. कार्ड हातात पडलं की तो नंबर पक्का. गल्लीत पुढेमागे व्हायचं नाही. कुणी कोसळली तर दोरीवाल्यांनी तिला उचलायचं, मागच्यांनी थांबायचं, आणि रेषेवर जी आधी आली तिलाच आधीचं कार्ड. मास्तर म्हणायचे, "रेषा बघायची, गल्ली नाही. गल्लीत माणसं नसतात, नुसती शरीरं असतात."

संघाचं गणित साधं. सहा जणी धावणार, पहिल्या चौघींचे नंबर मिळवायचे, ज्यांची बेरीज कमी ते वर. म्हणून चौथी महत्त्वाची. पहिली आली की फोटो, चौथीवर मेडल!

धाकटी आपली चौथी होती.

त्या दिवशी एक्केचाळीस डिग्री. रेषेवर दोघी एकदमच आल्या — लाल रिबीन बांधलेली एक परदेशी मुलगी आणि पाठोपाठ धाकटी. रिबीनवाली गल्लीत शिरताच गुडघ्यांवर कोसळली. धाकटी तिला वळसा घालून माझ्यापर्यंत आली. मी तिला २६ दिलं. मग रिबीनवालीला दोरीवाल्यांनी उभं केलं, आणि तिला २७. तीही त्यांची चौथीच होती. बेरीज झाली — आपले ९८, त्यांचे ९९. उलट दिलं असतं तर आपले ९९ आणि त्यांचे ९८.

एवढंच.

घाम डोळ्यांत जात होता. कार्डं ओली होऊन एकमेकांना चिकटली होती. मला नुसते पाय दिसत होते, धुळीने माखलेले, सगळे सारखेच. चूक झाली. तक्रार करायची मुदत अर्धा तास. रिबीनवाली चाळीस मिनिटं डॉक्टरच्या तंबूत बेशुद्ध होती. त्यांच्या संघाने काही म्हटलं नाही. मास्तर तेव्हा दुसऱ्याच एका पडलेल्या मुलीकडे बघत होते. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, आणि तोवर धाकटी सगळ्यांच्या खांद्यावर होती.

टायमिंगवालीला हे शेवटचं सांगितलं नाही, अर्थातच.

१५ मार्च, रविवार

धाकटीकडे जेवले. भिंतीवर ती चौकट — मेडल, बातमीचं कात्रण, आणि तो फोटो, आईबाबांच्या मधे ती. बाबा रडतायत त्यात. बाबांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या मेडलवर तिला क्रीडाखात्यात नोकरी लागली, नोकरीवर घर झालं. आईचं आजारपण निघालं तेही त्याच पगारातून. आणि पोरींना शिकवायला मैदान मिळालं ते वेगळंच. दोनशे तरी पोरी शिकवल्या असतील तिने. कुठल्याच पोरीला कधी हिडीसफिडीस केलं नाही. मी असते तर केलं असतं.

"ताई, गप्प का?"

"खारट झालंय."

"तुझं तोंडच खारट!" म्हणाली आणि हसत सुटली.

१९ मार्च, गुरुवार

येणाऱ्या संघांची यादी आली. टॉवेल किती लागतील ते मोजायला माझ्याकडे दिली. पाहुण्यांच्या प्रशिक्षकांमध्ये तिचं नाव. लाल रिबीन. मी ते नाव तेहेतीस वर्षांत विसरलेले नाही. कशी विसरेन?

यादी उलटी करून ठेवली, जसं काही नाव खालून निघून जाईल!

२० मार्च, शुक्रवार

सांगावं. नको.

सांगावं.

२४ मार्च, मंगळवार

दिसली. उन्हाची सवय व्हावी म्हणून पाहुणे संघ दुपारी तीनला धावतायत, आणि ती त्यांच्या मागे सायकलवर. केस पिकलेत, जाड झालीय, शिट्टी दातांत. पोरींना स्पंज डोक्यावर पिळू देत नव्हती, मानेवर ठेवायला लावत होती. बरोबरच आहे! डोक्यावर पिळलं की पाणी बुटांत जातं आणि तिसऱ्या किलोमीटरला फोड. तिला ते कसं ठाऊक, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी तंबूत तिचे बूट काढले तेव्हा मोजे लाल होते. बूट मीच काढले होते.

मला बघून तिने हात हलवला. सगळ्यांनाच हलवते तसा. मी बादली उचलून उलट्या दिशेला निघाले. शहाणी!

२६ मार्च, गुरुवार

धाकटीला सांगायला खाली गेले होते. ती आरशासमोर बोलायचा सराव करत होती. मेडल ब्रशने घासून चकचकीत. "बघ ना ताई, रिबिनीला इस्त्री केली तर जळेल का?"

"कापड ठेव मधे," म्हटलं, आणि मीच करून दिली.

तेवढंच करून वर आले.

२८ मार्च, शनिवार

आज शर्यत झाली. सकाळी साडेअकरालाच अडतीस डिग्री. पण काय धावल्या पोरी! सुटताना सगळ्या मिळून जो धप्प आवाज होतो ना जमिनीतून, तो तसाच आहे. तळपायातून वर येतो. मला रडूच आलं. टायमिंगवालीला वाटलं ऊन लागलं, तिने मलाच टॉवेल दिला!

एक मुलगी रेषेच्या अलीकडे कोसळली. सरपटत आली. पडद्यावर नाव लागलं, नंबर लागला, सगळं अचूक. कुणाच्या हातात काही नाही. किती बरं आहे ते.

मग सत्कार. चौघीच आल्या होत्या सहापैकी. धाकटी माइकवर बोलली. सराव केलेलं सगळं विसरली आणि म्हणाली, "मी आंधळ्यासारखी धावत होते. पुढे माझी ताई दिसली, म्हणून पाय चालले." टाळ्या. पाहुण्यांच्या रांगेत लाल रिबीन उभी राहून टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात. नंतर खाली येऊन तिने धाकटीला मिठी मारली. मेडल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, परत तिच्या गळ्यावर नीट ठेवलं. वजन जोखल्यासारखं.

मला ते बघवेना.

२९ मार्च, रविवार

सांगितलं! तिच्या हॉटेलवर गेले, एकटीच. खालच्या हॉलमध्ये चहा घेतला. दोघींची इंग्रजी सारखीच लंगडी, त्यामुळे लाज वाटली नाही. मी म्हटलं — तू आधी आली होतीस रेषेवर. सव्वीस तुझं होतं. माझ्या हातून चूक झाली. ऊन होतं, घाम होता, मला पायच दिसत होते.

तिने कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं मीच वेडी आहे. मला आठवायचं की माझ्या पुढे कुणी नव्हतं. सगळे म्हणायचे, तू बेशुद्ध होतीस, तुला काय आठवणार!" मेडल आलं असतं तर तिलाही नोकरी मिळणार होती. नाही मिळाली. नऊ वर्षं बेकरीत कणीक मळली. हे सांगताना हसत होती. हात पुढे करून मनगटं दाखवली, पैलवानासारखी.

मी म्हटलं, उद्याच समितीला लिहून देते, धाकटीलाही सांगते. तर माझा हात धरून म्हणाली, "कशाला? तिचा काय दोष? आणि तुझाही नाही. उन्हाने केलं ते. मुद्दाम केलं असतंस तर गोष्ट वेगळी. चुकीला काय कुणी धरून बसतं?"

मग आम्ही खूप बोललो. छत्रीबद्दल. शेळीचं सांगितलं तर ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. निघताना तिने मिठी मारली. तेहेतीस वर्षांनी छाती हलकी झाली. घरी येऊन पोटभर जेवले. गुडघासुद्धा दुखला नाही!

३० मार्च, सोमवार, सकाळी सहा

चूक नव्हती ती.

मी मान वर केली होती. रेषेवर कोण आधी आलं ते मला स्वच्छ दिसलं. धाकटी येईपर्यंत पुरता विचार केला, आणि दिलं. पायांचं आणि घामाचं मी नंतर रचलं. इतक्या वेळा सांगितलं स्वतःला की या वहीतही तेच लिहिलं. काल त्या बिचारीने क्षमा केली ती कुणा दुसऱ्याच बाईला.

तिचं विमान बाराला आहे. आधी खाली जाऊन धाकटीचं दार वाजवते. ती आली तर दोघी जाऊ, नाहीतर मी एकटी.