धाकट्याची गादी आणि तुझा व्हिडिओ

आई,

शी! मुलं कशी वाढवावीत ते लोकांना खुशाल शिकव, पण त्यासाठी धाकट्याची ओली गादी दाखवायची? वर म्हणतेस, "नाव कुठे घेतलंय?" अगं, खोली आपली, चादर त्याची, आवाज तुझा! त्याच्या अख्ख्या वर्गाने पाहिलंय. आज पोरं नाक दाबून त्याच्या मागे घरापर्यंत आली. दहा वर्षांचा आहे तो. ती गादी रोज मीच उन्हात टाकते, तेव्हा कधी किळस नाही आली. व्हिडिओ बघून आली.

त्याला घेऊन मावशीकडे चाललेय. भाजी झाकून ठेवलीय. आधी तो व्हिडिओ काढ, मग फोन कर. आणि सल्ला नको, त्याला सरळ सॉरी म्हण. तो बोलेलच असं नाही, पण मी स्पीकर लावून त्याच्या शेजारी बसेन.

— मोठी