घरचा वास

४ जानेवारी
भाड्याची खोली सोडून आज आम्ही दोघं ह्याच्या घरी राहायला आलो. घर हवेशीर आहे. माझं शिवणयंत्र खिडकीपाशी बसलं, उजेड थेट सुईवर पडतो. घरात सासूबाई, नणंद आणि तीन मांजरं. थोरली करडी 'काकू'; तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही, सासूबाईसुद्धा नाहीत. पांढरी 'कापशी' तिची लेक. आणि फाटक्या कानाचा 'जावई', नावाप्रमाणे नुसता लोळणारा. मी आत आले तशी काकूने पाय हुंगला आणि गाल घासला. नणंद म्हणाली, वहिनी, पास झालीस. सगळे हसले. मीही.

१९ जानेवारी
मांजरांचा एवढा मोठा संसार असतो हे ठाऊक नव्हतं. बाहेरून कुणी आलं की काकू आधी नाकाला नाक लावते, मग अंग घासते. मग कापशी, मग जावई. सगळ्यांचा मिळून एकच वास करून टाकतात. जावई रुसला की कापशी शेजारी बसून डोळे हळूच मिटते, हळूच उघडते. मी तिला तसं करून दाखवलं, तर तिने उत्तर दिलं! माझ्या शिवायच्या कापडांवर सगळी लोळतात, गिऱ्हाइकं कुरकुरतात. हा म्हणतो, आता तू पुरती घरची झालीस.

५ फेब्रुवारी
जावयाची किडलेली दाढ काढायला प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं. आज मी त्याला घरी आणलं. काकूने हुंगलं आणि अशी फिस्कारली की माझ्या हातून त्याची पेटीच सुटली. कापशी त्याच्या अंगावर धावून गेली. दवाखान्याचा वास आहे, जाईल हळूहळू, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. पण सासूबाईंनी त्याला मानगुटीला धरून बाहेर ठेवलं. म्हणाल्या, हे आपलं नव्हे. मी फाटका कान दाखवला. नणंद म्हणाली, कान काय गं, कुणाचेही फाटतात. ती थट्टा करत नव्हती.
ह्याला सांगितलं. हा म्हणाला, आपला जावई कुठेतरी भटकत असेल, येईल.
जावई तर समोरच्या भिंतीवर बसून आत बघत होता.

९ फेब्रुवारी
भिंत रिकामी.

२६ फेब्रुवारी
लिफ्ट दुरुस्त करताना हा पडला. पायाचं ऑपरेशन झालं. मी रोज डबा घेऊन जाते. सासूबाई येते येते म्हणतात, येत नाहीत. दवाखान्यातून परतले की काकू माझे हात चाटत बसते, पुसून काढल्यासारखे.

१२ मार्च
आज टॅक्सीने ह्याला आणलं. काकू दारातच होती. कुबडी हुंगून फिस्कारली. सासूबाईंनी ह्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"
हा हसला. म्हणाला, आई, पुरे आता.
त्यांनी मला आत ओढलं आणि कडी घातली. नणंद रागावली, अनोळखी माणसाला असं घरी आणतात का?

१३ मार्च
हा समोरच्या दुकानाच्या पायरीवर आहे. कामावरचा सोबती न्यायला आला होता, तर हा माझ्याशिवाय जाणार नाही म्हणाला. मी बॅग भरली. परत त्या खोलीत जाऊ, कुठेही जाऊ. पण काकू मांडीवर बसलीय. कापशी मान चाटतेय. उठवत नाही.

दुपारी दार उघडलं. तो उठला. हात पुढे केला. आणि तो वास — अंगावर काटा आला. माझ्या घशातून आवाज निघाला. माणसाचा नव्हता तो —
त्याने हात मागे घेतला. त्याचा चेहरा —

१४ मार्च
कालचं वाचलं. मधेच मी ह्याला 'तो' लिहिलंय. हा. हा. हा माझा नवरा.
माझ्या नवऱ्याच्या भुवईवर व्रण आहे. त्या माणसाच्याही आहे. व्रण काय, कुणालाही —

१५ मार्च
पायरीवरचा माणूस दार वाजवतोय. मला लाडाच्या नावाने हाक मारतोय. रडतोय बहुतेक. ते नाव त्याला कसं —

सासूबाई कडीवर हात ठेवून उभ्या आहेत. विचारताहेत, सूनबाई, ओळखतेस का गं याला? हो म्हण, उघडते.

लिहितेय तो हात तरी माझा आहे. हो म्हणायचंय. मला हो —

काकू बघतेय.

तोंड उघडते, आणि