सोयरिकीच्या घरची कॉफी

मु. इंझोरी

रामधनभाऊंच्या पायाशी जगदेवचा नमस्कार पोचावा.

तुम्ही बायकोचे मोठे भाऊ, मानाने वरचे, म्हणून आधी तब्येतीचं विचारतो. तुमची कंबर आता वाकते का? वहिनींचा गुडघा म्हैसूरच्या हवेला सरावला का? इकडे गायीपासून तुमच्या बहिणीपर्यंत सगळे ठीक आहेत. (हे वाक्य रुख्मिणीने पाहिलं तर क्रम बदलावा लागेल.) फोनवरही सांगता आलं असतं, पण दुसऱ्याच वाक्याला फोन तिच्या हातात जातो आणि परत येतो तेव्हा त्याची बॅटरी संपलेली असते. म्हणून पत्र. बातमी मोठी आहे. तुमच्या भाच्याची, आमच्या हरीओमची सोयरीक जमली, आणि ती तुम्ही मला लावलेल्या कॉफीमुळे जमली.

मुळापासून सांगतो. हिवाळ्यात गावात भागवत सप्ताह झाला. काल्याच्या दिवशी महाराज म्हणाले, प्रत्येकाने आपली एक आवडती वस्तू देवापाशी सोडावी. आपल्याकडचे लोक या कामात हुशार. शेजारच्या प्रेमसिंगने अननस सोडलं, जे इंझोरीत आजवर कोणी आणलेलं नाही. एकाने कारलं सोडलं. मी माईकसमोर उभा राहिलो तेव्हा मनात आलं की इथे तरी लबाडी नको, आणि तोंडातून चहा निघून गेला. स्टँडवरचा हॉटेलवाला रऊफभाई मागे उभा होता. तो म्हणाला, "जगदेवभाऊ, माझ्यावर कायचा राग काढून राह्यले?"

पुढे काही दिवस डोकं असं ठणकलं की मी बैलांशीसुद्धा नीट बोललो नाही. तेव्हा तुम्ही दिलेला कॉफीचा पुडा आठवला, जो तुमच्या बहिणीने देवघराच्या फडताळात उदबत्त्यांशेजारी ठेवला होता. पण प्यायच्या आधी वाशीमच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, बेताने घेतली तर चांगलीच आहे. दिवसाला दोन कप, साखर नावाला, रिकाम्या पोटी नको आणि दिवस कलल्यावर नको. बेताने पिणाऱ्यांचं लिव्हर चांगलं राहताना दिसतं, साखरेच्या आजाराचा धोका कमी दिसतो, मन तरतरीत राहतं. पण ते औषध नव्हे, आणि छाती धडधडली की हात आखडता घ्यायचा. भाऊ, मला त्यातला 'बेत' हा शब्दच फार आवडला. आमच्या चहाला बेत कुठे होता? शेताच्या धुऱ्यावर चहा, पारावर चहा, कोणी जन्मलं तरी चहा, कोणी गेलं तरी चहा, आणि घशाशी जळजळ कायमची. आता सकाळी पूजा आटोपून एक कप आणि दुपारी एक. मधल्या वेळात दुसऱ्या कपाची आठवण येते, पण हात जात नाही. नामस्मरणाची सवय असलेल्या माणसाला हे जमतं. (पहिल्या दिवशी तुमच्या बहिणीने कॉफीत आलं ठेचून टाकलं होतं. तिच्या मते जे उकळतं तो चहाच.) जळजळ गेली, आणि काकड आरतीला मी आता खांबाला टेकून झोपत नाही, हे पुजाऱ्यानेही बोलून दाखवलं.

आता सोयरिकीचं. मुलगी आसेगावची, वैभवी, नर्सिंग शिकलेली. ती रिसोडला दवाखान्यात आहे आणि हरीओम तिथेच कृषी केंद्रात. फवारणीच्या औषधाची चौकशी करायला नर्स वरचेवर का येते, हे केंद्राच्या मालकालाही कोडं होतं. म्हणजे पोरापोरीचं ठरलेलंच होतं. आम्ही फक्त जायचं आणि चहा पिऊन यायचं. आणि नेमका चहाच मी सोडलेला.

आपली रीत तुम्ही जाणता. सोयरीक नको असेल तर मुलाचा बाप तसं बोलत नाही, चहाचा कप तसाच ठेवतो. माझ्यापुढे कप आला. मी हात जोडून सांगितलं की सप्ताहात चहा सोडला. मुलीचे वडील नानाजी भले माणूस, पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मागच्या पाव्हण्यानंही असाच सोडला होता. मंग स्टँडवर जाऊन दोन कप पेला तो. आमच्या पुतण्यानं पाह्यला."

हरीओम पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. तुमच्या बहिणीने कोपर मारलं आणि हळूच म्हणाली, "घ्या ना हो एक घोट. देवाले समजते सारं." देवाला समजतं, हीच तर माझी अडचण होती. एकीकडे त्याला दिलेला शब्द, दुसरीकडे पोराचा संसार, आणि मधे कपावर साय धरत चाललेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तोंडून निघून गेलं होतं, "कॉफी असंल तर मात्र घेतो."

मग पडद्याआडून वैभवीचा आवाज आला, "आहे. थोडा वेळ लागंल." तुमची बहीण मदतीला आत गेली. बराच वेळ लागला. काहीतरी खमंग भाजल्याचा वास आला, थोडा धूरही आला. नानाजी पावसाचं बोलले, मी पावसाचं बोललो, पाऊस संपला. शेवटी कप आला. भाऊ, काय सांगू, पहिल्याच घोटाला मला आपल्या शेताची आठवण झाली. मी भरल्या बैठकीत सांगितलं की खरी कॉफी ओळखायला जीभ तयार व्हावी लागते, आणि अशी कॉफी रामधनभाऊंच्या म्हैसुरातही मिळायची नाही. (क्षमा असावी.) मग सकाळी एक, दुपारी एक या बेतापासून लिव्हर आणि तरतरीपर्यंत सगळं समजावलं. लोक ऐकत राहिले. मी कप पुढे करून आणखी मागितली, तर ती पोरगी पडदा सारून बाहेर आली आणि म्हणाली, "सकाळचा धरून दोन झाले, बाबा. आता उद्या."

तिने बाबा म्हटलं आणि तिचं तिलाच कळलं. नानाजी खाकरले आणि नारळ आणायला उठले. लग्न दिवाळीनंतर, मामाचा मान तुमचा, कमरेची सबब चालणार नाही.

चहा सुटलेला आणि सून मिळालेला,
तुमचा जगदेव

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र रुख्मिणीला वाचून दाखवलं. ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. त्या घरात कॉफी नव्हतीच. वैभवीने तव्यावर सोयाबीन काळंभोर भाजलं, आणि ते कुटून कोणी दिलं, तर तुमच्याच बहिणीने. म्हणते, "दाना तर आपल्याच वावरातल्यासारखा होता. तुमाले शेत आठवलं, त्यात काय नवल?" मी थोडा वेळ देवघरात जाऊन बसलो. मग लक्षात आलं की त्या बैठकीत मी चहा प्यायलो नाही आणि कॉफीही प्यायलो नाही, तरी सोयरीक झाली. म्हणजे देवाने माझा शब्द मी ठेवला त्याहून जास्त ठेवला.

दुसरा ता. क. वरची स्तुती त्या पोरीने मनावर घेतली आहे. हरीओम सांगतो, सासऱ्याच्या कॉफीसाठी तिने निवडक सोयाबीन पोतंभर बाजूला काढलंय. मला आता जन्मभर तोंड उघडता येणार नाही. तरी भाचेसुनेच्या आहेरात साडीच्या घडीत खऱ्या कॉफीचे पुडे ठेवावेत, आणि मामाकडून भेट म्हणून तिच्या हाती द्यावेत. तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही, असंच वागावं.

तिसरा ता. क. पुडे किती, असं विचाराल. बेत कपांचा आहे, पुड्यांचा नाही.