एकदाच दिसलेला ठिपका

रवि. ७ जाने. ७३
मावशीच्या विनूने अमेरिकेहून पाठवलेलं खोकं एकदाचं पोचलं. आत आरमारी लढाईचा खेळ. समुद्राचे दोन नकाशे, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, पुठ्ठ्याची जहाजं, आणि नियमांची जाडजूड इंग्रजी वही. सोबत चिठ्ठी: "दादाला बोटीवाचून करमत नसेल."
दादाने दोन वर्षांत समुद्राचं नाव काढलेलं नाही. मालबोटीवरची चांगली नोकरी सोडून आला, का ते वहिनीलाही सांगितलं नाही. आज मात्र जहाजं हातात घेऊन बराच वेळ बसला. म्हणाला, "कुसे, तुझं इंग्रजी चांगलं हाय. वाच काय म्हनतंय ते."

बुध. १०
शाळा. मग नियम. दोघांचे नकाशे वेगळे, मधे पाटी उभी करायची, एकमेकांची जहाजं दिसत नाहीत. मी पंच, दोन्हीकडचं मला दिसतं. रडार चालू असेल तर आठ घरांपर्यंतचं जहाज सापडतं.
पण आठ मोजायची कशी? आपलं घर धरून की सोडून? तासभर वाद. दादा: "सोडून. आपल्याच पायाखाली कशाला रडार लावायचं?" मान्य. मधे बेट आलं तर दिसत नाही. जहाज बेटाच्या कडेला चिकटून असेल तर? वहीत अवाक्षर नाही. विनूला विचारायचं.

शनि. १३
बाजारातून आल्यावर दादाला म्हटलं, पण रडारला दिसतं कसं? मला विहिरीवर घेऊन गेला. दुष्काळाने तळ उघडा पडलाय. "ओरड." ओरडले. आवाज परत आला.
"गेला, तळाला लागला, आला. यायला किती येळ लागला त्यावरनं खोली कळती. रडारचं तेच. फकस्त आवाजाच्या जागी रेडिओच्या लाटा."
सहा वेळा ओरडले. शेजारच्या रानातली माणसं बघायला लागली तेव्हा थांबले. अकरा वर्षं शिकवतेय, इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळ. १६
वहिनी खेळली! शाळा चौथीपर्यंत, पण सगळा डाव रडार बंद ठेवून बसली. नियम असा की ज्याचं रडार चालू, तो स्वतः बारा घरांवरून कळतो. "अंधारात कंदील घेऊन निगालं की कंदीलवालाच आदी दिसतो की वन्सं." दादाची दोन मोठी जहाजं गेली. दादा हसला. मोठ्याने.

शुक्र. १९
अडलं. नियम अकरा, लहान लाकडी होड्या. मोठं जहाज टप्प्यात असलं तर दिसतंच, पण होडीपाशी इंग्रजी शब्द आहे 'मे' (may). दोन घरांच्या आत 'मे' दिसेल. म्हणजे दिसण्याची शक्यता आहे, की दिसली असं सांगायचं की नाही ही खेळणाऱ्याची मर्जी? नववीला या शब्दाचे दोन्ही अर्थ शिकवते, इथे मलाच ठरेना.
दादा एकदम चढ्या आवाजात, "मर्जी कसली? दिसलं की सांगायचं!" मग हळू आवाजात समजावलं. खवळलेल्या समुद्रात लाटाही पडद्यावर उमटतात. रेघ गोल फिरते, होडीचा ठिपका एका फेरीला उजळतो, पुढच्या फेरीला नसतो. ठरलं: दर खेपेला फासा टाकायचा. सम पडला तर दिसली.
वहिनी: "एकदा दिसली, फुडं न्हाई. मग दिसली म्हनायची का न्हाई?"
दादा डाव टाकून गोठ्यात गेला.

रवि. २१
आज त्यानेच काढलं. "तू पंच. तुझा नियम काय?"
विचार करून सांगितलं, लागोपाठ दोनदा दिसली तरच धरायची. नाहीतर प्रत्येक लाट होडी होईल.
"म्हंजे माझं बरोबर हुतं," म्हणाला. चेहरा मात्र सुटका झाल्यासारखा दिसला नाही.
वहिनी चुलीपासून: "बरोबर कसं? एकदा का हुईना, दिसली तर मानसानं थांबून बगावं."
जेवला नाही.

मंगळ. २३
शाळेतून आले तर दोघं ओट्यावर. दादा बोलत होता, मलाही बस म्हणाला.
बोटीवरची ऑगस्टातली सकाळ, पावसाने समोरचं काही दिसत नव्हतं. दादा रडारपाशी. त्याआधी दोनदा त्याने ठिपका सांगितला, दोन्हीदा लाट निघाली. अधिकारी म्हणाला, लाटा मोजतोस काय. तिसऱ्यांदा ठिपका दिसला. पुढच्या फेरीला नव्हता. दादा गप्प बसला.
मच्छीमारांची होडी होती, बोट तिच्यावर गेली. बाप आणि दोन भाऊ. एकच भाऊ जिवंत हाती लागला.
चौकशीत दादाला विचारलं, काही दिसलं होतं? "न्हाई साहेब." दोष होडीवर गेला. वाचलेला भाऊच सुकाणूवर होता. "समोर बसला हुता, कुसे. मान खाली घालून. त्याला वाटतंय त्यानंच बापाला..."
पुढे

बुध. २४
काल पुढे लिहवलं नाही.
दादाला म्हटलं, मी दिला तो नियम खेळापुरता. मला काय माहीत होतं.
"खेळाला येगळा नियम असतो व्हय?"
  ठिपका सांगितला असता आणि पुन्हा लाटच निघाली असती तर? पण हा प्रश्न त्याचा नाहीच. 'दिसलं होतं का' एवढाच त्याचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्याला पहिल्यापासून माहीत आहे.

शुक्र. २६
झेंडावंदन. घरी आले तर दादाने पिशवी भरायला काढलेली. त्या भावाचं गाव रत्नागिरीच्या खाली कुठेसं. नाव पाठ आहे त्याला.

रवि. २८
पहाटेच्या दौंड गाडीने गेला. वहिनीने भाकरी, ठेचा बांधून दिला. 
"आन त्यांनी घरात घेतलंच न्हाई तर?"
"दारातनं सांगन."
"मारलं तर?"
 मला म्हणाला, गायीला कडबा कमी पडंल, बघ.

मंगळ. ६ फेब्रु.
टपाल आलं, आपलं काही नाही. विनूला लिहिलेलं पत्र अजून टाकलेलं नाही.
वहिनीने विचारलं, "वन्सं, रत्नागिरीकडनं पत्राला किती दिस लागत्यात?"
चार, म्हणाले.
तिने बोटांवर मोजलं, परत मोजलं, आणि पोस्टमन गेला त्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.